साठ युनिटांचा हिशेब

मे २०२५ मधली गोष्ट. बहिणीच्या घरी थालीपिठे चालली होती आणि भाचा उघडा लॅपटॉप हातात धरून स्वयंपाकघरात आला. भाजणीच्या परातीशेजारी त्याने तो ओट्यावर टेकवला. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षे स्वस्तात करता येतात अशा सरकारी कॉलेजात, त्याची दोन वर्षे संपत आली होती, पुढच्या दोन वर्षांसाठी त्याने तीन ठिकाणी अर्ज केले होते आणि त्यांतल्या एका खासगी विद्यापीठाने आर्थिक मदतीचे पान पाठवले होते. पानाच्या मधोमध हिरव्या, ठळक अक्षरांत आकडा होता, ५८,००० डॉलर. वर लिहिले होते, तुमची एकूण मदत. त्याच्या बाजूला वर्षाचा खर्च ७२,००० आणि तळाशी, जरा बारीक अक्षरांत, उरलेले १४,०००. बहिणीने पिठाचे हात तसेच ठेवून दोनदा ते वाचले. दाजी रात्रपाळीला निघण्याच्या तयारीत होते, त्यांनी बुटाची नाडी बांधता बांधता वजाबाकी केली आणि म्हणाले, “चौदा म्हणजे होतील की. पेलचे साठवलेले आहेतच.” पेल म्हणजे कमी उत्पन्नाच्या मुलांना मिळणारे, परत न करायचे सरकारी अनुदान. बहिणीने हात धुतले, फडताळातल्या देवापुढे साखरेची वाटी ठेवली आणि मला म्हणाली, “दादा, एवढे द्यायला निघालेत, तर मग नाही कशाला म्हणायचं?”

त्या घरात आकडा चुकीचा कोणीच वाचला नव्हता, आणि मला टोचत राहिली ती हीच गोष्ट. बहिणीने आणि दाजींनी सांगलीत पंधरा वर्षे दुकान चालवले आहे. जमा कशाला म्हणतात आणि नावे कशाला हे त्यांना कोणी शिकवायला नको. पण ५८,००० या आकड्यावर बोट ठेवल्यावर जी घडी उलगडली, तिच्यात विद्यापीठाची शिष्यवृत्ती आणि सरकारी अनुदाने मिळून २९,५०० होते. त्याखाली ६,५०० होते, ते मुलाच्या नावावरचे सरकारी कर्ज. त्याखाली ३,००० होते, ते त्याने कॅम्पसवर काम करून मिळवायचे, आणि तेही काम मिळाले तर. आणि शेवटी १९,०००, ते आईवडिलांनी आपल्या नावावर काढायचे कर्ज, ज्याचा त्या वर्षीचा व्याजदर ८.९४ टक्के होता. सगळे एकाच रकान्यात, एकाच टाइपात, आणि खाली बेरीज. दुकानाच्या वहीत असे लिहिणाऱ्या मुनिमाला दाजींनी दुसऱ्या दिवशी घरी बसवले असते.

फुकट मिळणारे २९,५०० होते. म्हणजे घरातून जाणारे, आज किंवा उद्या, ४२,५०० होते.

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२च्या अखेरीस अशा पत्रांच्या तपासणीचा अहवाल दिला होता. विद्यार्थ्याला खरोखर किती भरावे लागेल, ही एक रक्कम सांगणे सुमारे ९१ टक्के महाविद्यालये एक तर टाळतात किंवा ती आहे त्यापेक्षा कमी दाखवतात, असे त्यात निघाले. म्हणजे आमच्या ओट्यावर आलेले पान अपवाद नव्हते. तरीही मी त्या संध्याकाळी लगेच काही बोललो नाही. साखर ठेवून झालेली होती, दाजींची बस होती, आणि भाच्याच्या चेहऱ्यावर जे होते ते त्या घरात बऱ्याच दिवसांनी दिसत होते. थालीपीठ चांगले झाले होते. मी दोन खाल्ली आणि घरी येऊन कागद घेऊन बसलो.

या मुलाचे इथे येणेच मुळात कागदांवरून झालेले आहे. मी अमेरिकेचा नागरिक झाल्यावर, २००४ साली, बहिणीसाठी अर्ज भरला. त्याच वर्षी त्याचे बारसे झाले होते. भावंडांच्या रांगेत भारतीयांना किती थांबावे लागते हे ज्यांनी सोसले आहे त्यांना सांगायला नको. रांग पुढे सरकली तोवर पाळण्यातला मुलगा बारावी झाला होता, २०१९च्या आणि २०२१च्या पुरात कृष्णेचे पाणी दुकानात दोनदा येऊन गेले होते आणि दाजींनी पन्नाशी गाठली होती. २०२२च्या उन्हाळ्यात चौघे कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटला आले. पहिले वर्ष मुलगा कॉलेजात गेला नाही. कॅलिफोर्नियात रहिवासी म्हणून शुल्क द्यायचे तर वर्षाहून अधिक वास्तव्य लागते. त्याआधी गेले तर तेच वर्ग कैक पटींनी महाग पडतात. तो एका किराणा दुकानात सामान लावायचे काम करी आणि संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजच्या विनाशुल्क इंग्रजीच्या वर्गांना बसे. मंडळाच्या गणपतीत लोक विचारत, “चिरंजीव काय करतात?” आणि बहीण कॉलेजच्या डोंगराकडे हात करून काहीतरी पुटपुटे. आमचे ओलोनी कॉलेज मिशन पीकच्या पायथ्याशी उतारावर बसले आहे. पायऱ्या चढून वर गेले की सगळा उपसागर दिसतो. तिथे शिकणे ही सांगण्याजोगी गोष्ट नाही, असे तिच्या मनात कोणी घातले हे मला माहीत आहे, कारण आमच्या मंडळातली निम्मी संभाषणे मुलांच्या कॉलेजांच्या नावांभोवतीच फिरतात.

मग २०२३चा फॅफ्सा भरायचा दिवस आला. सरकारी मदतीचा हा एकच अर्ज, आणि तो नेहमी दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न विचारतो. २०२३-२४ साठी २०२१चे उत्पन्न हवे होते, आणि २०२१चे उत्पन्न सांगलीत होते, रुपयांत होते, पुरात भिजलेल्या दुकानाचे होते. चार लाख ऐंशी हजार रुपयांचे सहा हजार डॉलरही होईनात. तो आकडा भरताना दाजींनी मान वळवली. गावात त्यांना चार माणसे ओळखत होती, उधारीवर वह्या नेत होती. त्या सगळ्या वर्षाची किंमत या पडद्यावर इथल्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढी दिसत होती. पुढे कॉलेजने पडताळणीसाठी कागद मागवले. आपले विवरणपत्र एप्रिल ते मार्च, त्यांना हवे जानेवारी ते डिसेंबर. मदत कार्यालयातल्या बाईंनी चष्मा वर सरकवून तो कागद उलटसुलट पाहिला, कुठले वर्ष कुठे संपते ते आमच्याकडून समजून घेतले, स्वतःच्या हाताने समासात टिपण लिहिले आणि फाइल पुढे ढकलली. त्या बाईंबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे. नियम पाळणारी आणि तरीही समोरचे माणूस बघणारी माणसे कुठल्याच देशात मुबलक नसतात.

त्या वर्षी त्याला पेल ग्रँट पूर्ण मिळाली, ७,३९५ डॉलर. कम्युनिटी कॉलेजचे शुल्क युनिटला, म्हणजे अभ्यास मोजण्याच्या इथल्या मापाला, ४६ डॉलर; वर्षाच्या तीस युनिटांचे १,३८०. आणि कमी उत्पन्नाच्या मुलांना राज्य तेही माफ करते. त्यामुळे पेलचा जवळजवळ सगळा पैसा त्याच्या खात्यात आला, पुस्तकांसाठी, बससाठी, भाड्यासाठी. बहिणीला हे पटेचना. शिकायला पैसे भरतात हे तिला ठाऊक होते; शिकतो म्हणून कोणी पैसे देते यावर तिचा विश्वास बसला नाही. परत मागतील, म्हणून तिने त्याचे वेगळे खाते उघडून दिले, पुस्तकांना लागले तेवढे काढले आणि बाकीचे तसेच ठेवले. दुसऱ्या वर्षीही तसेच झाले. फॅफ्सात मुलाच्या खात्यातली शिल्लक विचारतात तेव्हा मदतीतून उरलेले पैसे धरायचे नसतात, हे मी तिला दाखवले, तरी तिच्या मनात धाकधूक होतीच. दाजी म्हणाले होते ते ‘पेलचे साठवलेले’ हेच.

या दोन वर्षांनी आम्हा सगळ्यांना एक सवय लावली होती, की मदतीचे पत्र आले म्हणजे काहीतरी शिल्लकच पडणार.

खरी गोची वर्षांच्या गणितात होती. २०२४-२५च्या अर्जात २०२२चे उत्पन्न गेले, अर्धे सांगलीचे, अर्धे इथले. त्या वर्षी फॅफ्साचा नवा नमुना आला, ऑक्टोबरमध्ये उघडायचा तो डिसेंबर २०२३ संपता संपता उघडला आणि सगळ्या देशाची पत्रे वसंत ऋतूत अडकून पडली. पण भाचा आपल्याच कॉलेजात राहणार होता, त्यामुळे आम्हाला झळ बसली नाही. २०२५-२६ला मात्र पहिल्यांदा पूर्ण अमेरिकी वर्ष मोजले गेले. दाजी गोदामात रात्रपाळी करतात, बहीण पाळणाघरात मदतनीस आहे. दोघांचे मिळून २०२३ साली ७२,००० डॉलर झाले होते. फ्रेमाँटमध्ये चौघांच्या घराला या पैशांत काय उरते ते इथल्या वाचकांनीच सांगावे. पण केंद्राच्या सूत्राला फ्रेमाँट आणि मिसिसिपीतले खेडे यांत फरक दिसत नाही. कुटुंबाच्या गुजराणीसाठी ते जी रक्कम सोडते ती सगळ्या देशाला एकच असते. शिवाय सांगलीचा फ्लॅट आहे, सध्या भाड्याने दिलेला. राहते घर मालमत्तेत धरत नाहीत, दुसरे धरतात. जिथे आपण आयुष्यभर राहिलो ते घर या कागदावर गुंतवणूक ठरते, हे बहिणीला समजावताना मला माझाच आवाज एखाद्या विमा एजंटासारखा वाटला. थोडक्यात, शिक्षण ज्या वर्षी महाग होणार, नेमक्या त्याच वर्षी कागदावर हे कुटुंब सुस्थितीतले दिसू लागले.

मी स्वतः तंत्रनिकेतनातून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेला माणूस आहे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा माझ्या वडिलांनी तलाठ्याच्या सहीसाठी आणि मग तहसीलच्या खिडकीपुढे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभे राहून काढलेले दिवस मला आठवतात. त्या दाखल्यावर ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची, शुल्कसवलत मिळे. धोतराच्या सोग्यात गुंडाळून ते तो कागद आणत, घामाने त्याच्या घड्या मऊ पडलेल्या असत. अपमान होता, हेलपाटे होते, कधी चहापाणीही होते. पण एक गोष्ट नक्की होती. डिप्लोमाची तीन वर्षे झाली की दुसऱ्या वर्षात बसवत; सगळ्यांना, एकाच नियमाने. माझ्या डिप्लोमातले कुठले विषय धरायचे आणि कुठले सोडायचे यावर कोणी घासाघीस केली नाही. टीसी दिली, गुणपत्रके दिली, बाकावर जाऊन बसलो. गणितात आम्ही डिप्लोमावाले मार खात असू, वर्कशॉपमध्ये बाकीचे आमच्याकडे येत; तो हिशेब आमचा आमच्यात होता, कार्यालयाचा नव्हता.

इथे वर्ष हे एककच नाही. एकक युनिट आहे, आणि प्रत्येक युनिटाची वेगळी सुनावणी होते. पदवीला साधारण १२० लागतात. भाच्याने दोन वर्षांत साठ मिळवली होती, गुणही उत्तम होते. त्या खासगी विद्यापीठाने साठच्या साठ मान्य केली, असे पत्रात म्हटले होते, आणि ते खरेही होते. पण पत्रापासून तीन क्लिक आत एक तक्ता होता, त्यात पदवीच्या आवश्यक विषयांत बसणारी युनिटे ४२ होती. उरलेली अठरा ऐच्छिक म्हणून नोंदलेली, म्हणजे गुणपत्रकावर दिसतील, कामाला येणार नाहीत. संख्याशास्त्राचा वर्ग पुन्हा करायचा. इंग्रजीचा दुसरा वर्ग पुन्हा करायचा, तोही ज्या मुलाने दिवसा खोकी उचलून रात्री इंग्रजी कमावले त्याने. याचा पैशाशी असलेला संबंध पत्रात कुठेच जोडून दाखवलेला नव्हता. ४२ युनिटे धरली म्हणून ते त्याला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी मानत होते. म्हणून तर सरकारी कर्जाची मर्यादा ६,५०० लागली, तिसऱ्या वर्षाला ती ७,५०० असते. ७८ युनिटे राहिली, म्हणजे चार सत्रे पुरत नाहीत, पाच लागतात. आणि ट्रान्सफरवाल्यांची, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून येणाऱ्यांची, शिष्यवृत्ती, वर्षाला १८,०००, चार सत्रांपुरतीच होती. अडीच वर्षांचे प्रत्येकी ४२,५००, वर पाचव्या सत्रातली गेलेली ९,०००ची शिष्यवृत्ती. शुल्क दरवर्षी वाढते ते सोडूनच देऊ, तरी एक लाख पंधरा हजार डॉलर.

हिरव्या अक्षरांतल्या त्या पानावर चौदा हजार होते.

लेखापरीक्षण कार्यालयाचाच २०१७चा आणखी एक अहवाल आहे. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के युनिटे बदलात वाया गेली, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे भाच्याचे नुकसान सरासरीपेक्षा बरेच कमी होते. स्वस्तातली दोन वर्षे खरोखर स्वस्त ठरायची तर ती पुढे जशीच्या तशी धरली गेली पाहिजेत; निम्मी गळाली तर स्वस्ताई कुठे राहिली? कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना पदवी हवी असते, पण सहा वर्षांत ती मिळवणारे शंभरात सुमारे सोळाच निघतात. उरलेल्या चौऱ्याऐंशींमागे आळस, अडचणी, लग्ने, आजारपणे, सगळे असेल. पण अशा तक्त्यांवर थकून गेलेलेही असतील.

१९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा जो बृहत् आराखडा केला, त्यात हे दार विचारपूर्वक ठेवलेले होते. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांतला वरचा आठवा हिस्सा कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे, वरचा तिसरा हिस्सा राज्य महाविद्यालयांकडे (आजची राज्य विद्यापीठे), आणि बाकी ज्याला यायचे आहे त्या प्रत्येकाला कम्युनिटी कॉलेज, तिथून पुढे दोन वर्षांनी वर जाण्याची सोय. १९८४ पर्यंत तर या कॉलेजांना शुल्कच नव्हते. सार्वजनिक संस्थांपुरते ते वचन बरेचसे टिकले आहे. कुठल्या कम्युनिटी कॉलेजचा कुठला वर्ग कुठल्या सरकारी विद्यापीठात कशाच्या जागी धरला जाईल, हे असिस्ट नावाच्या संकेतस्थळावर विषयवार पाहता येते, आणि काउन्सेलरने पहिल्याच सत्रात भाच्याकडून तो तक्ता छापून घेतला होता. २०१० च्या कायद्याने आलेली ट्रान्सफरची पदवी घेतली तर राज्य विद्यापीठांत पुढे साठ युनिटांहून जास्त मागता येत नाहीत. खासगी विद्यापीठांवर ही व्यवस्था बंधनकारक नाही. तिथे जो तो आपापले ठरवतो.

या सगळ्या उलाढालीत मला एक गोष्ट सर्वांत अन्यायाची वाटली, आणि ती कोणत्याही एका विद्यापीठाची नाही. मुलगा एका कॉलेजातून दुसऱ्यात जातो तेव्हा त्याला मिळत असलेली मदत त्याच्याबरोबर जात नाही. नव्या कॉलेजचे नाव फॅफ्सात घालायचे, तिथले कार्यालय नव्याने आकडेमोड करणार, जुन्या कॉलेजची शिष्यवृत्ती जुन्यातच राहणार. पण जे वापरून झाले ते मात्र पै न् पै बरोबर जाते. पेल आयुष्यात बारा सत्रांएवढीच. कुठेही घेतलेली असो, मोजणी एकच. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाला पदवीसाठी सरकारी कर्ज एकूण ३१,०००, त्यातले आधी काढलेले वजा. मदत चालू राहायला अभ्यासक्रमाच्या दीडपट युनिटांच्या आत पदवी पुरी व्हावी लागते, आणि नव्या कॉलेजने मान्य केलेली जुनी युनिटे त्या दीडपटीत मोजली जातात, मग ती ऐच्छिक म्हणून बाजूला पडलेली का असेनात. वर्षाच्या मध्यावर बदलले तर जुन्या कॉलेजने पहिली मदत बंद केल्याशिवाय नवीन सुरू होत नाही, कारण पेल एका वेळी दोन ठिकाणी मिळत नाही. त्या मधल्या आठवड्यांचे भाडे कोणी द्यायचे हा प्रश्न कोणत्याच अर्जात नाही. भाच्याच्या वर्गातली एक मुलगी तिसऱ्यांदा कॉलेज बदलत होती, प्रत्येक वेळी आईच्या नोकरीपायी. तिची पेलची सत्रे पदवीच्या आधी संपणार होती. तिच्याकडे गुण होते, प्रवेश होता, फक्त सत्रे नव्हती.

आणि वेळापत्रकही अठराव्या वर्षी घरातून एकदाच निघणाऱ्या मुलासाठी आखलेले आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना मार्चअखेर निकाल, १ मेपर्यंत होकार. ट्रान्सफरवाल्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठाचे निकाल एप्रिलच्या शेवटी आणि होकार १ जूनपर्यंत. तोवर वसतिगृहाच्या चांगल्या खोल्या आणि विभागांच्या शिष्यवृत्त्या बऱ्याचशा वाटून झालेल्या असतात. कम्युनिटी कॉलेजातून पुढे जाणाऱ्यांसाठी जॅक केंट कुक प्रतिष्ठानची वर्षाला ५५,००० डॉलरपर्यंतची शिष्यवृत्ती आहे, तिचे नाव सगळे सांगतात. ती सगळ्या देशात मोजक्यांना मिळते, म्हणून मी ते नाव कोणाला आधी सांगत नाही.

एक गोष्ट मात्र मला सरळपणे आनंदाने सांगता येत नाही. आमच्याच इमारतीत एक मराठी कुटुंब राहते. त्यांची मुलगी वयाच्या तिसऱ्या वर्षी इथे आली, बालवाडीपासून इथेच शिकली, मोडकेतोडके मराठी बोलते आणि बाकी सगळ्या अर्थांनी कॅलिफोर्नियाची आहे. वडील अजून एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, ती एच-फोर या आश्रितांच्या व्हिसावर. तिला फॅफ्सा नाही, पेल नाही, सरकारी कर्जही नाही. माझा भाचा २०२२ला विमानातून उतरला आणि त्याला ते सारे मिळाले, कारण त्याच्या हातात कायम वास्तव्याचे हिरवे कार्ड होते. दोघे एकाच बसने ओलोनीला जात. तिच्या आईने एकदा मला विचारले, “काका, फॉर्ममध्ये आमच्यासाठी कुठला चौकोन आहे?” कुठलाच नाही, मी म्हणालो. त्या माउलीने विषय बदलून मला दोडक्याच्या वेलाची बी दिली. तिच्यापुढे भाच्याच्या पेलचे कौतुक माझ्या तोंडून कधी निघाले नाही आणि बहिणीलाही मी निघू देत नाही.

पुढच्या रविवारी मी तीन पाने घेऊन बहिणीकडे गेलो. तिन्ही विद्यापीठांच्या पत्रांतले रंग आणि मथळे काढून टाकले आणि प्रत्येक पानावर तेवढेच लिहिले: फुकट किती, कर्ज किती, किती सत्रे, पदवी हातात पडेपर्यंत घरातून एकूण किती. हेवर्डच्या राज्य विद्यापीठाचे शिक्षणशुल्क ६,४५० डॉलर, ते अनुदानांतून भागत होते. मुलगा घरी राहील, बार्ट या लोकल गाडीने जाईल, स्टेशनवरून टेकडीवर शटल. घरातून जाणारे जवळजवळ काही नाही. डेव्हिसला कॅलिफोर्निया विद्यापीठात राहण्या-जेवणासह खर्च चाळीस हजारांच्या वर; कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेत असल्याने शिक्षणशुल्क पूर्ण सुटत होते, ट्रान्सफरवाल्यांना ही सवलत दोन वर्षे असते आणि साठ युनिटे धरली गेल्याने दोन वर्षे पुरत होती. तरी खोली, जेवण आणि बाकीचे मिळून वर्षाला १६,५०० कमी पडत होते. आणि तिसरे पान, एक लाख पंधरा हजारांचे. दाजी त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तेच पान उलटे करून त्याच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या अक्षरात गणित पुन्हा मांडले, दुकानात मांडत तसे, उभी रेघ मारून, जमा डावीकडे, नावे उजवीकडे. त्यांचेही तेच उत्तर आले. “हे लबाड आहेत असं नाही,” ते म्हणाले, “पण आपल्याकडे वही अशी ठेवत नाहीत.”

बहिणीचे मत हेवर्ड. घरचे जेवण, डोळ्यांसमोर मुलगा, कर्ज नाही. खर्चाच्या भाषेत तिचे काही खोडून काढण्याजोगे नव्हते, आणि खरे सांगायचे तर परवडणे म्हणजे सर्वांत स्वस्त ते घेणे असे मानले तर चर्चाच संपत होती. पण मुलाला शेतीच्या अर्थशास्त्राकडे जायचे होते. डेव्हिस त्यासाठी नावाजलेले आहे आणि सांगलीच्या हळदीच्या बाजाराशेजारी वाढलेल्या मुलाला ते का खुणावते हे मला दिसत होते. दोन वर्षे ७,५०० प्रमाणे १५,००० त्याच्या नावावर, उन्हाळ्यात काम, पेलचे साठवलेले दोन भागांत, आणि उरलेले मी. काही वर्षांपूर्वीपर्यंत मामाने भाच्याला दिलेले पैसे पुढच्या अर्जात त्याचे उत्पन्न म्हणून मोजले जात. २०२४-२५च्या नव्या नमुन्यापासून तो प्रश्न काढून टाकला आहे. हे मी बहिणीला मुद्दाम सांगितले नाही, दाजींना सांगितले. कर्ज मुलाने काढावे की मी पूर्ण द्यावे यावर आमचे थोडे वाजले. मुलाने स्वतःच तोडगा काढला: कर्ज तो घेणार, आईबाबांनी एकही कागद सही करायचा नाही. बहीण रडली नाही, पण त्या दिवशी तिने भाजीत मीठ दोनदा घातले.

सप्टेंबरच्या शेवटी त्याचे वर्ग सुरू झाले आणि लगोलग २०२६-२७चा फॅफ्सा उघडला. या वेळी २०२४चे उत्पन्न. त्या वर्षी दाजींनी सुट्टीच्या मोसमात मिळेल तेवढा ओव्हरटाइम केला होता आणि आकडा ८४,०००वर गेला होता. २०२५च्या उन्हाळ्यापासून गोदामात ओव्हरटाइम पार बंद आहे. बहिणीने फोनवर विचारले, “मग आता मदत कमी होणार? ते पैसे तर कधीच संपले.” अशा वेळी विद्यापीठाच्या मदत कार्यालयाला बदललेली परिस्थिती कळवून फेरविचार मागता येतो, देणे न देणे त्यांच्या हाती, पण मागण्याचा मार्ग कायद्यात आहे. मी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला की त्याने बाबांच्या पगाराच्या यंदाच्या चिठ्ठ्या मागवून घेतल्या आहेत, गोदामाच्या व्यवस्थापकाचे पत्र तेवढे यायचे आहे, आणि खोलीतल्या मुलाच्या वडिलांची नोकरी गेली आहे म्हणून त्याचेही पत्र तोच लिहून देतो आहे. मग म्हणाला, “मामा, फोन ठेवतो. त्याला अजून नव्या कॉलेजचं नाव फॉर्ममध्ये कुठे घालायचं ते सापडलेलं नाही.”